दुसऱ्याच्या बागेत जाताना

कोल्हापुरात बागप्रेमींच्या गटात नाव घातलं की आठवड्याभरात बागभेटीचा पहिला निरोप येतो. रविवारी सकाळी साडेसात, अमुक कॉलनी, टोपी आणा. नवा माणूस हौसेनं जातो, साठ-सत्तर फोटो काढतो, "किती छान ठेवलीय हो बाग" असं पाच-सहा वेळा म्हणतो, चहा पितो आणि घरी येतो. गच्चीवरचा गुलाब होता तसाच काळे ठिपके अंगावर घेऊन उभा असतो. मी पहिलं वर्षभर हेच केलं. सात भेटी झाल्या आणि माझी बाग होती तिथंच राहिली.

फरक पडला तो ताराबाई पार्कातल्या एका जुन्या बंगल्यात. सगळे पुढच्या लॉनवर मालकांचं बोलणं ऐकत होते. मी उन्हातून सरकत सरकत मागं गेले तर तिथं माळीमामा कुंड्या रिकाम्या करत बसलेले. सहज विचारलं, "मामा, माझ्या जास्वंदीची पानं पिवळी पडून गळतात, काय करू?"

"पाणी कवा घालतासा?"

"रोज."

"रोज का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या आई रोज घालायच्या म्हणून मीही घालायचे, एवढंच.

"बोट घाला की ताई मातीत. दुसऱ्या पेराला ओल लागली तर त्या दिवशी पाणी न्हाई." मग त्यांनी एक कुंडी उपडी करून दाखवली. मातीचा गोळा तसाच्या तसा बाहेर आला. तळाला चार बोटं काळा चिखल, वास येणारा, आणि त्यात तपकिरी मऊ मुळं. बोटानं ओढलं तर मुळाची साल निघून हातात आली, आत नुसता दोरा. "भोक बुजलंय बघा खालचं. वर झाड तहानलेलं दिसतंय, खाली बुडतंय." मामांच्या मागं आजारी कुंड्यांची रांग होती, तिला ते दवाखाना म्हणायचे. त्यांनी मान हलवून लॉनकडं दाखवलं. "पुढं दिसतंय ते मालकांचं. हे मागचं माझं."

तेव्हापासून कुठल्याही बागेत गेले की मी आधी मागच्या बाजूला जाते. खालचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय.

जाण्याआधी

एक प्रश्न ठरवून जा, पण एकच. "बागेबद्दल थोडं सांगा" हा प्रश्न नव्हे. "पूर्वेच्या गॅलरीत तीन तास ऊन येतं, बारा इंची कुंडी आहे, मोगऱ्याला पानं येतात पण कळी नाही", हा प्रश्न. असं विचारलं की समोरचा माणूस लगेच कामाचं बोलायला लागतो.

पिशवीत वही आणि पेन्सिल ठेवा. जुलैत पेनाची शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. शाळकरी पोरांचं भिंग, जुनं वर्तमानपत्र, पाण्याची बाटली. पायात पकड असलेली चप्पल, कारण आपल्याकडं जूनच्या मध्यापासून गच्च्यांवर जे शेवाळ धरतं त्यावर चांगली चांगली माणसं आडवी झालेली मी पाहिलीत. कात्री मात्र घरी ठेवा. आपली कात्री दुसऱ्याच्या झाडाला लावणं म्हणजे आपल्याकडची बुरशी त्यांच्या घरी पोहोचवणं.

कोणत्या महिन्यात काय बघायचं

हिवाळ्यात सगळ्याच बागा देखण्या असतात. शेवंती, झेंडू, डेलिया, कोबी-फ्लॉवरचे वाफे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भेटींची गर्दी होते ती म्हणूनच, आणि म्हणूनच तेव्हा शिकायला सगळ्यात कमी मिळतं. मला विचाराल तर दोन भेटी चुकवू नका. एक दसऱ्यानंतरची, गुलाबाच्या छाटणीची. कुठल्या डोळ्यावर, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेवर, कात्री लावायची हे वाचून कळत नाही, शेजारी उभं राहून बघावं लागतं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप. छाटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या प्रदर्शनाचा हिशेब ऑक्टोबरातच मांडायचा असतो.

दुसरी भेट एप्रिल-मेमधली, सकाळी सातची. ज्या गच्चीवर वैशाखात झाडं तग धरून आहेत तिथं काहीतरी डोकं चालवलेलं असतं. हिरवी जाळी कुठल्या बाजूला बांधलीय, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्यात का, मातीवर काय अंथरलंय, ते बघा. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट मिळायला अडचण नाही. कुंडीत चार बोटं पाचट पसरलं की ओल टिकते आणि गांडुळंही वर येतात. गावाकडं ऊस असलेला सभासद गटात असेल तर त्याच्याशी गोड बोलून राहा.

पावसाळ्यात एखादी भेट रात्रीची निघते, ब्रह्मकमळाची. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात निवडुंगाच्या कुळातलं, अमेरिका खंडातून आलेलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. पण रात्री नवाच्या पुढं ती कळी हलायला लागते तेव्हा हे ज्ञान कुणी ऐकत नाही. फुलापुढं हळद-कुंकू ठेवलेलं असतं. तिथं तोंड मिटून बघावं. वहीत एवढंच लिहा की ज्यांच्याकडं वीस-पंचवीस फुलं आलीत त्यांची कुंडी किती लहान आहे आणि दिवसा तिच्यावर ऊन थेट येतं की झाडाखालून गाळून.

बागेत पोहोचल्यावर

आधी पूर्व कुठं ते शोधा. सावली कुठल्या भिंतीची पडते, पाण्याची टाकी कुठं आहे, आणि गच्चीवरचं पाणी वाहून कुठं जातं तेही बघा. "हे कुठून आणलं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. रोप विकत मिळतं हो, ऊन मिळत नाही.

गच्चीवरची बाग असेल तर वजनाचं जरूर विचारा. एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. चार फूट बाय दोन फूट बाय एक फूट असा एक वाफा केला तर पावसाळ्यात तो साडेतीनशे-चारशे किलोंचा होतो. त्यामुळं जाणती माणसं वाफे खांब-तुळयांच्या रेषेवर ठेवतात आणि निम्म्याहून जास्त पालापाचोळा, कोकोपीट, कंपोस्ट भरतात. स्लॅबचं काम जुनं असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नुसत्या तांबड्या मातीच्या पाट्या वर चढवू नका.

फोटोची एक सवय लावून घ्या. आधी चिठ्ठी किंवा नावाची पाटी, मग पूर्ण झाड, मग पान खालून, शेवटी कुंडीचा तळ. नुसत्या फुलाचा फोटो घरी आल्यावर काही सांगत नाही. आणि कुणाचं घर, दार, गाडीचा नंबर फोटोत येत असेल तर स्टेटसला टाकायच्या आधी विचारा.

मग तो मुख्य प्रश्न: "तुमच्याकडं काय जगलं नाही?" बहुतेक जण आधी हसतात आणि मग अर्धा तास बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आम्ही रमणमळ्याकडच्या एका बागेत गेलो होतो. बघायला म्हणून नव्हे, गाळ काढायला. पाणी ओसरलं होतं, कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती आणि तिच्याखाली सगळं एका रंगाचं. पपई आडव्या झालेल्या, बुडखा हातानं दाबला तर पिचत होता. गुलाब गेले. नारळ उभे होते, आणि कर्दळीला गाळातून नवी पानं फुटत होती. मुळांना हवा लागते हे पुस्तकात शंभर वेळा वाचलेलं, त्या दिवशी हाताला लागलं. पपईला साचलेलं पाणी दोन दिवसही सोसत नाही, कर्दळ मुळात दलदलीतच सुखानं राहणारी. नदीकडच्या सखल भागात राहत असाल तर अशा एखाद्या बागेत बसून यादी करा, नर्सरीत नंतर जा.

फांदी मागायची कशी

आपल्याकडं समज आहे की चोरून आणलेलं रोप जगतं. गटात हा समज बाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचा. मागा, बहुतेक जण देतात. पण फुलावर आलेल्या झाडाची फांदी मागू नका, आणि भर उन्हाळ्यात तर नकोच. पावसाळ्याच्या सुरुवातीला मागा.

जास्वंद, गुलाब, कण्हेर यांची पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचांची फांदी पुरते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. यामागं एक साधी सोय आहे, घरी गेल्यावर कुठलं टोक मातीत घालायचं याचा घोळ होत नाही. पानं काढून टाका, वरची दोन अर्धी कापून ठेवा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. केळीच्या खोडाचं सोपट मिळालं तर कागदाहून चांगलं, गारवा संध्याकाळपर्यंत टिकतो.

आता माझी फजिती. पहिल्याच पावसाळ्यात मी एका भेटीतून गुलाबी जास्वंदीच्या तीन फांद्या आणल्या आणि कौतुकानं बाकीच्या जास्वंदींच्या मधोमध ठेवल्या. एका फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी होतं. मला वाटलं, फांदी सोलताना निघालेला तंतू. तो पिठ्या ढेकूण होता. गणपतीपर्यंत नऊ कुंड्यांवर पसरला, पानं चिकट, मुंग्यांच्या रांगा, शेवटी चार झाडं मुळासकट काढून टाकली. दिलेल्या माणसाचा दोष नाही. बघून घ्यायला हवं होतं ते मी बघितलं नाही. भिंग पिशवीत ठेवा म्हणाले ते यासाठी. आणलेलं प्रत्येक रोप, फांदी, अगदी बीसुद्धा, तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात राहू दे. रोज पानाखाली आणि बेचक्यात नजर टाका. मुंग्या चढताना दिसल्या तर समजा वर कुणीतरी आहे. थोडासाच असेल तर जुन्या टूथब्रशनं, साबणाच्या पाण्यानं घासून निघतो.

आणि एक. राधानगरीला, आंबा घाटात फिरायला गेल्यावर पावसात पडलेल्या फांदीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड, उचलून आणायचा मोह होतो. आणू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड-पान आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि ती आमरी राजारामपुरीच्या गॅलरीत जगतही नाही.

विद्यापीठाच्या बागेत

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग ही आपल्याला घरबसल्या मिळालेली गोष्ट आहे. तिथं मॉर्निंग वॉकला गेल्यासारखं शिरू नका. विभागाशी आधी बोलून, गटाचं पत्र देऊन, वेळ घेऊन जा. पावसाळ्यात गेलात तर कंदीलपुष्पांबद्दल विचारा. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या या दुर्मीळ वेलींवर वर्षानुवर्षं काम केलंय. फूल बोटभर, खाली फुगीर, वर नळी आणि शेंड्याला पाकळ्या जुळून झालेला कंदील. नळीच्या आत खाली वळलेले केस. वासानं चिलट आत शिरतं, केसांमुळं वर येता येत नाही. आत फिरताना परागकण त्याच्या अंगाला लागतात, मग केस सुकतात आणि त्याची सुटका होते, पुढच्या फुलात अडकायला. हे कळल्यावर आपल्या कुंडीतल्या प्रत्येक फुलाकडं आपण जरा संशयानं बघायला लागतो.

इथं काहीही मागायचं नाही. बी नाही, कंद नाही, पान नाही. जंगलात ही कमी झाली त्याचं एक कारण तिचे कंद लोक आणि जनावरं उकरून खातात, हेच आहे.

पाहुण्यांचं व्याख्यान ऐकताना

पुढच्या दोन रांगांत बसा, मागं भडंगाच्या पुड्यांचा आवाज फार येतो. आजारी झाडाचं पान आणणार असाल तर बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा आणि पिशवी सभागृहात उघडू नका. पान एक नको, तीन हवीत: जुनं, मधलं, नवं. कारण पिवळेपणा कुठून सुरू झाला यावर निम्मं निदान होतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडं बघायचं, आणि लोह मातीत असूनही झाडाला मिळत नसेल तर पाण्याकडं. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलेल्या कुंड्यांत हे हमखास दिसतं, कुंडीच्या कडेला पांढरी खपली असते.

कृषी महाविद्यालयातून येणारे पाहुणे फार चांगलं बोलतात, पण त्यांची सवय हेक्टरची. "हेक्टरी १०० किलो नत्र" म्हटल्यावर सभागृहात सगळे माना डोलावतात आणि घरी येऊन अंदाजानं मूठभर युरिया टाकतात. हिशेब करून बघा. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र. बारा इंची कुंडीचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर. वाट्याला आलं ०.७ ग्रॅम नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया झाला दीड ग्रॅम. चहाचा अर्धा चमचाही नाही, आणि तोही अख्ख्या हंगामाचा, दोन-तीनदा विभागून. मूठभर म्हणजे झाड भाजणं. जीवामृताचंही तसंच. एकरासाठी सांगतात ते २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बादलीचं माप काढायचं तर सगळ्याला वीसनं भागा: १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. गूळ चांगला पिवळाधमक घालू नका, काळा स्वस्तातला घाला. कोल्हापुरात राहून झाडाला महागाचा गूळ घालणाऱ्यांची मला गंमत वाटते.

प्रश्नोत्तरात आपली गोष्ट लांबवू नका. कुंडीचं माप, उन्हाचे तास, पाणी किती दिवसांनी, शेवटचं खत कधी. ही चार वाक्यं आधी, प्रश्न नंतर. चैत्रात हमखास कुणीतरी विचारतं की जोतिबाहून आणलेला दवणा लावला तर सुकला का. दवणा हिवाळ्यात वाढणारं एका हंगामाचं पीक आहे, जत्रेपर्यंत त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. बी मिळालं तर दिवाळीच्या सुमाराला पेरा.

पाहुणे बोलवायचं तुमच्या गळ्यात पडलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे पडतंच. दीड-दोन महिने आधी फोन, मग लेखी पत्र. पत्रात विषयापेक्षा श्रोते कोण आहेत ते जास्त लिहा: "चाळीस जण, बहुतेक गच्ची आणि गॅलरीवाले, शेती कुणाचीच नाही, मापं कुंडीची सांगावीत." मानधन आणि येण्या-जाण्याचा खर्च आधीच बोलून घ्या, संकोचानं राहिलं की शेवटी पाहुण्यांनाच भुर्दंड. दसरा चौकातल्या शाहू स्मारकसारखं सभागृह घेणार असाल तर तारीख आधी आणि पाहुणे नंतर ठरवा. प्रोजेक्टर अर्धा तास आधी लावून बघा. हार-तुरे नकोत, गटातल्याच कुणी वाढवलेलं रोप द्या, पण पाहुणे एसटीनं जाणार असतील तर लहान रोप द्या. आम्ही एकदा साडेचार फुटी सोनचाफा दिला होता. तो तीन दिवस आमच्याच जिन्यात राहिला.

आणि तुमच्या घरी भेट ठरली की

नाही म्हणू नका. "अजून बाग दाखवण्यासारखी नाही" असं म्हणणाऱ्यांच्याच घरी सगळे जास्त वेळ रमतात. वीस जणांपुढं गेलं तर दोन गट करा, कठड्याला कुणी टेकणार नाही असं बघा, शेवाळ आदल्या दिवशी खराट्यानं घासून काढा. शेजाऱ्यांना गाड्यांबद्दल सांगून ठेवा. खायला चहा आणि भडंग, बस्स. आमच्यात एका वर्षी एकीनं मिसळ केली, पुढच्या भेटीला कटवडा झाला, त्याच्या पुढच्याला तांबडा-पांढरा निघणार अशी चिन्हं दिसल्यावर गटानं नियमच केला.

झाडांना चिठ्ठ्या लावा: नाव, कधी लावलं, कुंडीत माती कसली. मेलेली झाडं लपवू नका. माझ्याकडं भेट झाली तेव्हा मी सगळं आवरलं होतं, फक्त वाळलेल्या लिंबाची मोठी कुंडी जड म्हणून हलवता आली नाही, टाकीमागं तशीच राहिली. रात्री पाऊस पडून गेलेला, कुंड्यांतली तांबडी माती गच्चीभर वाहिलेली. सगळे गेल्यावर खराटा घेऊन वर गेले. गुलाबांपुढं पावलं होती, पण तुरळक. टाकीमागं त्या लिंबाभोवती मात्र इतकी पावलं उमटली होती की खालची फरशी दिसत नव्हती.